पी ०३४० कोड, नवा कॅम सेन्सर आणि तरीही तेच

गाडी सकाळी लागायलाच मागेना. सेल्फ मारत बसायचं, मग कधीतरी धडधड करत लागायची आणि एकदा लागली की दिवसभर काही तक्रार नाही, फक्त चेक इंजिनचा पिवळा दिवा. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी ०३४० (कॅम सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड), लगेच म्हणाला कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा कुठे आहे ते सांगणारा) गेलाय, बदलून टाकू. बदलला. दिवा परत हजर. मग म्हणे आता ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बघायला लागेल. म्हटलं थांबा जरा, ईसीयू म्हणजे काय चेष्टा आहे का.

घरी आणून मल्टीमीटर घेऊन बसलो. क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकदमच टॉपला येतात. क्रँक सेन्सरला एवढंच कळतं की टॉप आलाय, पण १ नंबरचा तो कॉम्प्रेशनचा (हवा दाबायचा) की एक्झॉस्टचा (धूर बाहेर काढायचा) हे कळायला त्याला मार्ग नाही. ते कॅम सेन्सर सांगतो, मग ईसीयू १-३-४-२ क्रमाने एकेक इंजेक्टर (इंधन फवारणारा) वेळेवर उघडतो. हा सिग्नल नसला की काही गाड्या लागतच नाहीत, काही माझ्या गाडीसारख्या अंदाजपंचे काम भागवतात म्हणून सेल्फ लांबतो.

माझा हॉल सेन्सर (याला बाहेरून सप्लाय लागतो), तीन वायरींचा. (दोन वायरी असतील तर तो बहुतेक कॉइलवाला, स्वतःच व्होल्टेज तयार करतो, त्याची तपासणी वेगळी.) कपलर (वायरींचा प्लग) काढला, चावी ऑन केली, हार्नेसकडच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याकडच्या) पिना मोजल्या. सप्लायला ५ व्होल्ट, अर्थ ठीक. राहिली सिग्नलची. माझ्या गाडीत त्या वायरवर ईसीयू स्वतः ५ व्होल्ट धरून ठेवतो आणि कॅमवरच्या चाकाचा दात समोरून गेला की सेन्सर ती वायर अर्थला खेचतो, म्हणजे सेन्सर काढलेला असला तरी तिथे ५ दिसायला पाहिजेत. दिसला शून्य! बॅटरी काढून ईसीयूच्या कपलरपर्यंत कंटिन्युइटी (वायर सलग आहे का) बघितली, बीप नाही. सेन्सर नवा घाला नाहीतर सोन्याचा घाला, त्याचं बोलणं वर पोचतच नव्हतं.

बॅटरीचा ट्रे उचलला तर खाली उंदराने संसार मांडलेला, कापसाचा बोळा, शेंगांची टरफलं आणि हार्नेसची टेप सोललेली, आत एक वायर पार कुरतडलेली. सोल्डर केली, हीट श्रिंक चढवली, टेप मारली. मग स्पार्क प्लग काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं आणि कपलरच्या मागून टाचणी घालून मीटर धरला: ५, शून्य, ५, शून्य... काय बरं वाटलं म्हणून सांगू.

वायरी सगळ्या ठीक निघून कोड पी ०३४० ऐवजी पी ००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा) असता, तर मात्र टायमिंग चेनकडे बघायला लागलं असतं, तो खर्च वेगळाच.

आता सेल्फला बोट लावलं की लागते. जुना सेन्सर परत बसवून बघितला, तोही ठणठणीत, आणि नवा गॅरेजवाला काही परत घेत नाही, तो पडलाय डिकीत.