दादांचा अंगठा आणि जागलीचं कुत्रं

मागच्या जानेवारीत पहाटे चारला आईचा फोन आला. "बाई, दादांचा अंगठा टरारून सुजलाय. इच्चू चावला का काय की. लवकर ये." मी लातुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षांपासून रक्त तपासते, माहेर केज तालुक्यातलं. पोचेपर्यंत उन्हं वर आली होती.

दादा, म्हणजे माझे वडील, बाजेवर पडलेले. उजव्या पायाच्या अंगठ्याचं बूड लालभडक, कातडी ताणून चकाकत होती. गोधडीचा काठ लागला तरी ओरडायचे. म्हणून आईनं कोंबड्या झाकायचं डालं त्यांच्या पायावर पालथं घातलं होतं आणि गोधडी त्या डाल्यावरून ओढली होती. आयुष्यभर शेतात राबलेल्या या माणसाला असं कण्हताना मी कधीच ऐकलं नव्हतं. लाईट रात्रीची, त्यामुळं आदल्या दोन रात्री ते उसात दारं धरत गार पाण्यात उभे होते.

डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू केलं. रक्त मीच घेतलं, मीच मशीनवर लावलं. युरिक ॲसिड, म्हणजे शरीरात तयार होऊन मुख्यतः लघवीवाटे जाणारं टाकाऊ द्रव्य, ६.१ आलं. ते वाढून सांध्यात साचलं की गाऊट होतो. पुरुषांसाठी ७ पर्यंत आम्ही नॉर्मल छापतो. "गाऊट नाहीये," असं भावाला मीच छातीठोकपणे सांगितलं. आठव्या दिवशी सूज उतरली आणि गोळ्यांना गुण आला असं सगळ्यांनी धरलं.

एप्रिलमध्ये पुन्हा तोच अंगठा. या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं की झटका चालू असताना युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं, ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत बघा. बघितलं, तर ९.२. आणि गाऊटचा झटका औषधाशिवायही आठवडा-दहा दिवसांत बऱ्याचदा आपोआप ओसरतो. म्हणजे जानेवारीत ज्या गोळ्यांना आम्ही गुण दिला, त्यांनी मारायला तिथं जंतूच नव्हता. हे कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. जंतू नव्हता, तर दादांचं शरीर एवढं पेटलं कशावर?

कॉलेजात आम्ही शिकलो होतो की प्रतिकारशक्ती आपलं-परकं ओळखते. पण युरिक ॲसिड तर आपलंच, प्रत्येक पेशीत असतं. १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर या अमेरिकन संशोधिकेनं वेगळं म्हणणं मांडलं: प्रतिकारशक्ती परकेपणापेक्षा धोका बघते. पेशी फुटली, चिरडली, अवेळी मेली की आतला ऐवज बाहेर सांडतो, आणि तोच धोक्याचा इशारा. हे म्हणणं सगळ्यांनी पूर्ण मान्य केलेलं नाही. जंतूंच्या खुणा थेट ओळखणारे रिसेप्टरही पेशींवर असतातच, त्या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. पण २००३ मध्ये मरत्या पेशींतून बाहेर पडणारं युरिक ॲसिड हाही असाच इशारा असल्याचं दिसलं, आणि मला दादांचा अंगठा आठवला.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या जागलीच्या कुत्र्यागत हाय की. ऊसतोडीची टोळी आली, सगळी अनोळखी माणसं, तर ते पडून राहायचं. पण राती कुंपणाचं काटूक मोडलं की उठलंच. मग आत घुसणारं आपलं वासरू का असंना." एवढं नेमकं मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

आत घडतं ते असं. रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ च्या वर गेलं की ते विरघळून राहत नाही. गारठ्यात तर आणखीच कमी विरघळतं, आणि पायाचा अंगठा शरीरातला थंड भाग. सांध्यात सुईसारखे खडे जमतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, खडा पचत नाही, आणि पेशीच्या आत सूज पेटवणारी इन्फ्लमासोम नावाची यंत्रणा जागी होते. हा दुवा २००६ मध्ये सापडला. त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा नावाचं हाक देणारं प्रथिन सुटतं, त्याच्या हाकेवर रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या झुंडी सांध्यात घुसतात. लाली, आग, ठणका, सगळं त्यांचंच. खडे नुसते जमलेले असताना कित्येकदा काहीच दुखत नाही.

दादांना कोल्चिसिन दिलं. ते युरिक ॲसिड कमी करत नाही, न्यूट्रोफिलच्या हालचालीला आणि त्या यंत्रणेला आवर घालतं. हेच द्रव्य आपल्या कळलावीत असतं, पावसाळ्यात बालाघाटाच्या डोंगरात फुलणारी लाल-पिवळी वेल. आजी आम्हाला तिला हात लावू द्यायची नाही, आणि बरोबरच होतं, तिचा कंद जीव घेतो. औषधाचा डोससुद्धा डॉक्टरांनी किडनीचा रिपोर्ट बघूनच ठरवला. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यानंही युरिक ॲसिड चढतं. डॉक्टरांनी ती बदलली. खडे विरघळावेत म्हणून वेगळी गोळी सुरू आहे, ती रोजची. परवाचा आकडा ५.४.

परवाच औश्याकडचे एक काका लंगडत लॅबमध्ये आले, चिठ्ठीवर फक्त युरिक ॲसिड. चप्पल त्यांनी हातात धरलेली. ५.८ आलं. रिपोर्ट देण्याआधी मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि रक्त दुखणं ऐन भरात असताना घेतलंय, एवढं सांगितलं. तीन आठवड्यांनंतरची तारीख काकांच्या पाकिटावर लिहून दिली.