केए-22 आणि शिरोड्याचं मीठ

24 मे, रात्री साडेदहा

अंग अजून चिकट आहे. आंघोळीआधी लिहायला बसलेय, कारण उद्या लोणच्याच्या धबडग्यात वही हातात यायची नाही.

काल पहाटे पाचला बेळगावातून निघालो. दादा गाडीवर, पुढच्या सीटवर आत्या, मागे मी आणि आत्याच्या रिकाम्या पिशव्या. दरवर्षी मे महिन्यात तिचं हेच. शेजारणीने गेटातून विचारलं, "समुद्र बघायला काय गं?" तर म्हणाली, "मीठ आणायला जाऊलालोय. समुद्र काय, वाटेत दिसतोयच."

हिंडलगा, सुळगा मागे टाकलं आणि शिनोळीला महाराष्ट्रात शिरलो. हद्द कळते ती मैलाच्या दगडांवरून. आमच्याकडच्या पाट्यांवर 2014 पासून 'बेळगावी' आहे, पलीकडे अजून 'बेळगाव'. बोलताना आम्ही काय म्हणतो ते सांगायला नको. या रस्त्याला मात्र दोन्हीकडे एकच नाव, वेंगुर्ला रोड. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने घाट चढून आमच्या कॅम्पातल्या पलटणीला पोचायचा. म्हणजे समुद्राचं आणि आमचं नातं पर्यटनाच्या आधीचं, पोटापाण्याचं.

आंबोलीत थांबलो. धुकं नव्हतं, धबधबाही अजून कोरडाच. तरी हिरण्यकेशीच्या गुहेपाशी गार पाण्यात हात बुडवले. दादा दरवेळी सांगतो तेच परत सांगितलं, की हे पाणी पश्चिमेला जात नाही. समुद्र इतका जवळ असून नदी उलटी वळते, गडहिंग्लज करत आमच्या संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. आपण घाट उतरून समुद्राकडे आणि ती आपल्या जिल्ह्याकडे. मला हे दरवेळी नवं वाटतं, आत्याला कधीच वाटत नाही.

दाणोली, सावंतवाडी. लाकडी खेळण्यांची दुकानं उघडायच्या आत पुढे.

सागरेश्वराच्या किनाऱ्याजवळ राहायची जागा बघायला गाडी थांबवली. मालकाने आमची केए-22 ची, म्हणजे बेळगावची, नंबर प्लेट पाहिली आणि लगबगीने पुढे आला. "आइए, आइए, कमरा देखना है?" आत्या काच खाली करून म्हणाली, "खोली नंतर बघूया की, आधी पाणी दे बाबा." तो चपापला. मग कौतुकाने, "अरे वा, तुम्ही मराठी बरं बोलता!" आत्या तांब्या तोंडाला लावता लावता म्हणाली, "सत्तर वर्षं बोलूलालोय, थोडंफार येतंय की."

आम्ही हसलो, तोही हसला. माणूस वाईट नव्हता, संध्याकाळी गरम घावणे त्यानेच आग्रहाने वाढले. पण खरं सांगायचं तर मला ते हसू पूर्ण आलं नाही. घरी कचेरीत फॉर्म भरताना भाषेवरून एकदा अडायचं आणि घाट उतरून इथे आलं की भाषा येते म्हणून शाबासकी घ्यायची. आत्याला असलं काही लागत नाही. मला लागतं.

दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. त्याबद्दल लिहीत बसले तर आत्ताच परत भूक लागेल.

ओहोटीला किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांतून बाहेर आलं की अंगावर येतो तो समुद्र. पावसाळा तोंडावर, लाटा गढूळ आणि दांडग्या, त्यामुळे घोट्यापर्यंतच. ओल्या वाळूवर बारक्या कुर्ल्यांनी गोळ्यांची नक्षी घातली होती, पाऊल टाकायला जीव होईना. पुढे रापण ओढायचं चाललं होतं. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकून आलेली आणि दोन्ही टोकांना पंधरा-वीस माणसं दोर खेचत हळूहळू एकमेकांकडे सरकत होती. एक म्हातारा म्हणाला, "हात लाव गो बाय." लावला. वाटतं आपण ओढतोय, पण दोरच आपल्याला ओढत असतो. अर्ध्या तासाने जाळं आलं ते जेमतेम दोन टोपल्या तारली आणि थोडे बांगडे घेऊन. कुणी चुकचुकलं नाही. 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून बंदरावरही आवराआवर दिसत होती. माझे तळवे अजून चुरचुरतायत.

आज सकाळी वेंगुर्ल्याच्या मार्केटात आत्याची लढाई. सुके बांगडे, गोलमो म्हणजे सुकी बारीक कोळंबी, सोलं. "दर कमी होवचो नाय," मासेवाली म्हणाली. आत्या उठून चालू लागली, दहा पावलांवर हाक आली. दोघींना हे होणार हे ठाऊक होतं. डच वखारीचे छप्पर नसलेले पडके दगड दादाने गाडीतूनच दाखवले.

मग आरवलीचा वेतोबा. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठाल्या चपला. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, अशी श्रद्धा. आत्याने त्या चपलांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "देव असावा तर असा, चालणारा."

शिरोड्याच्या मिठागरात पोचलो तेव्हा ऊन टळटळीत. खाडीचं पाणी एका कोंडीतून दुसरीत फिरवत आटवायचं, शेवटी खडे धरले की फळीने ओढून ढीग करायचे. पावसाआधी ढीग झाकायची घाई. मे 1930 मध्ये इथेच मिठाचा सत्याग्रह झाला. आत्याला त्यातलं एकच माहीत, तिच्या आजोळची माणसं या मिठासाठी बैलगाडीने घाट उतरायची. तिने खडा जिभेवर ठेवला, मान हलवली आणि दोन पिशव्या भरून घेतल्या.

रेडीला द्विभुज गणपतीचं दर्शन. 1976 मध्ये लोखंडाच्या खाणीत सापडलेली मूर्ती, आजूबाजूची माती अजून तांबडीलाल. तिथून जरा पुढे तेरेखोलचा किल्ला, नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात, कारण 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला तो त्यांच्याकडेच राहिला. तटावरून पलीकडे केरीचा किनारा दिसतो. दोन दिवसांत तीन राज्यं झाली. आत्या किल्ल्यात आलीच नाही, गाडीत मिठावर लक्ष ठेवून बसली.

परतताना घाटात काचा उघड्याच ठेवाव्या लागल्या, गोलम्याचा वास. शिनोळी ओलांडताना आत्या झोपली होती. घरी उतरताच पहिलं वाक्य, "उद्या सकाळी गणपत गल्लीतून कैऱ्या आण, कडक बघून आण."