प्रोब तयार आहे, ट्यूब जपा

फुप्फुसाचा कर्करोग रक्तातून लवकर सापडेल का, असा विषय निघाला की बोलणं थेट प्रोबवर जातं. प्रोब म्हणजे डीएनएचा वीसेक अक्षरांचा तुकडा. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक दाबून ठेवणारा रेणू. या कर्करोगात सापडणारा, ईजीएफआर जनुकातला एल८५८आर नावाचा बदल समोर आला की प्रोब तिथे चिकटतो, पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेतलं एन्झाइम त्याला तोडतं आणि रंग उजळतो. डिजिटल पीसीआरमध्ये हे सुमारे २०,००० थेंबांत वेगवेगळं घडतं. प्रोबमध्ये खोट नाही. अडतं ते त्याच्या आधीच.

हिशेब करून बघा. १० मिली रक्तातून ४-५ मिली प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा द्रव, मिळतो. मिलीला ५ नॅनोग्रॅम मोकळा (पेशींतून आणि गाठीतून रक्तात सुटलेला) डीएनए आणि नॅनोग्रॅमला जनुकाच्या ३०० प्रती धरल्या, तर हाती येतात जेमतेम सात हजार. गाठ लहान असताना तिचा वाटा दहा हजारांत एक इतकाच असू शकतो. म्हणजे त्या ट्यूबमध्ये बदललेली प्रत एकही नसू शकते. जे नाहीच, ते प्रोब दाखवणार कुठून?

म्हणून रत्नागिरी-कुडाळहून मुंबईला जाणारा नमुना जिवापाड जपायला हवा. साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये काही तासांतच पांढऱ्या पेशी फुटू लागतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए बुडून जातो. तेव्हा प्लाझ्मा चार तासांच्या आत गावातल्या लॅबमध्येच वेगळा करा: सेंट्रिफ्यूज यंत्रात १,६०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या १,६०० पट जोराने) १० मिनिटं फिरवायचं, पांढऱ्या पेशींच्या थराला धक्का न लावता वरचा प्लाझ्मा उचलायचा, मग १६,००० जीला पुन्हा १० मिनिटं. रक्तच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवायचं असेल, तर पेशी टिकवणाऱ्या रसायनाची ट्यूब घ्या. ती खुणेपर्यंत भरून ८-१० वेळा हलकेच उलटीसुलटी करा. मासळीसारखी बर्फात मात्र घालू नका, थंडीनेही पेशी फुटतात. मे महिन्यात गाडीच्या डिकीतही नको. ३७ अंशांच्या वर भरवसा उरत नाही. हेपरिन या दुसऱ्या, रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची ट्यूब तर नकोच, ते पीसीआर अडवतं.

उतारवयात पांढऱ्या पेशींतच टीपी५३सारख्या जनुकांत बदल सापडतात आणि ते गाठीचे वाटू शकतात, म्हणून त्या पेशीही सोबत तपासायला सांगा.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्याने कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावंच. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (२०११) छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत त्या स्कॅनमुळे या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. आपल्याकडे टीबीचे जुने डागही स्कॅनवर उमटतात, हे खरं. पण थुंकीत जंतू न सापडताच टीबीची औषधं चालू असतील आणि डाग कमी होत नसेल, तर बायोप्सी लांबवू नका.