अर्ध्या फुलपाखराचं शहर : विसागिनास

विसागिनासला जाणाऱ्यांना पहिली सूचना ही, की इग्नालिना स्टेशनवर उतरू नका. लिथुएनियातला अणुवीज प्रकल्प ‘इग्नालिना’ याच नावाने जगभर ओळखला जातो, त्यामुळे गल्लत होते. माझ्या डब्यातलं एक जोडपं बॅगा घेऊन दारापर्यंत गेलं होतं, समोरच्या आजींनी त्यांना थांबवलं. इग्नालिना हे वेगळं, जुनं गाव. प्रकल्पासाठी वसवलेलं विसागिनास त्याच मार्गावर आणखी पुढे, दुकश्तासच्याही पुढे आहे. राजधानी विल्नियसहून तुर्मान्तासकडे जाणारी गाडी पकडायची, दोन-अडीच तास लागतात. गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत, तेव्हा जातानाच परतीची वेळ टिपून ठेवा.

स्टेशनवर उतरल्यावर शहर एकदम अंगावर येत नाही. आधी पाइनची उंच, तांबूस खोडं दिसतात आणि त्यांच्यामधून कुठेतरी एखाद्या इमारतीचा कोपरा. मला वाटलं, अजून वेशीबाहेरच आहोत. दहा मिनिटांनी लक्षात आलं की आपण शहराच्या आतच चालतोय.

१९७५ साली इथे पहिला दगड बसवला गेला. आदल्या वर्षी वारलेले लिथुएनियन कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख अंतानास स्नेचकुस यांचं नाव गावाला मिळालं. विसागिनास हे शेजारच्या तळ्याचं नाव शहराने १९९२मध्ये घेतलं. आराखडा लेनिनग्राडच्या संस्थेचा. अणुउद्योगाची, बाहेरच्यांना मज्जाव असलेली शहरं आखण्यात या संस्थेचा हात बसलेला होता. कास्पियन समुद्राकाठचं शेवचेन्को, म्हणजे आजचं अक्ताऊ, तेही तिचंच. विसागिनासची आखणी फुलपाखराच्या आकाराची होती, मधे केंद्र आणि दोन बाजूंना पसरलेले दोन पंख. प्रत्यक्षात एकच पंख झाला.

याचं कारण प्रकल्पाशी बांधलेलं आहे. चार अणुभट्ट्या उभारायच्या होत्या. पहिली १९८३च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली, दुसरी १९८७मध्ये. मधे १९८६ साली चेर्नोबिल घडलं, आणि इथल्या भट्ट्याही त्याच जातीच्या, शिवाय क्षमतेने मोठ्या. सप्टेंबर १९८८मध्ये हजारो लोकांनी प्रकल्पाभोवती मानवी साखळी धरली. तिसऱ्या भट्टीचं काम थांबलं. भट्टी नाही म्हणजे कामगार नाहीत, कामगार नाहीत म्हणजे दुसरा पंखही नाही. पुढे युरोपीय संघात जाण्याच्या अटीनुसार २००४ आणि २००९च्या अखेरीस उरलेल्या दोन्ही भट्ट्याही बंद झाल्या. एके काळी तेहेतीस हजारांच्या आसपास वस्ती होती, आता ती वीस हजारांच्या आत आली आहे.

पण मी सांगायला बसले आहे ते झाडांबद्दल. सोव्हिएत वसाहत म्हटली की सपाट केलेली जमीन आणि तिच्यावर ओळीने उभे ब्लॉक, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. इथे इमारती त्याच आहेत, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पॅनेलांच्या आणि पांढरट विटांच्या, पाच मजल्यांपासून उंच मनोऱ्यांपर्यंत. मात्र पाइन राखून त्यांच्यामधे त्या बसवल्या आहेत. जमिनीचा चढउतारही मोडलेला नाही, तो पायऱ्यांनी सांभाळला आहे. पाचव्या मजल्याच्या बाल्कनीसमोर झाडाचा शेंडा येतो. हे आपोआप होत नाही. क्रेन कुठून फिरवायची, खड्डा किती घ्यायचा, हे झाड पाहून ठरवावं लागतं. ज्यांनी तो त्रास घेतला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला.

सोव्हिएत आखणीचं एकक म्हणजे ‘मिक्रोरायोन’, शाळा-दुकानं आतच असलेली वस्ती. मोठे रस्ते बाहेरून जातात, आत फक्त आवारं आणि पायवाटा. घरापासून तीनशे मीटरच्या आत बालवाडी असावी असा नियमच होता. मी वाशीच्या सेक्टरात वाढले. शाळा आणि बाजार हाताशी असण्याचं सुख मला माहीत आहे, पण शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागायचा. इथे सकाळी आठला मी आवारात बसून पाहिलं. दप्तरं पाठीवर टाकून लहान मुलं एकेकटी निघत होती आणि कुठेही गाडी आडवी येत नव्हती.

पाहायचं कसं? नकाशा बंद ठेवा. पायी चालण्यासाठीच असलेल्या सेदुलिनोस मार्गावर सुरुवात करा आणि जी पायवाट आवडेल तिच्यात शिरा. रस्त्यांच्या पाट्या आवर्जून वाचा : शांतता, अंतराळ, मैत्री, बांधकाम कामगार, वीजकर्मी. शहर कोणासाठी होतं ते त्यातच कळतं. मग तळ्यावर जा. एका दिवसात शहर उरकतं, तरी एक रात्र राहाच. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो आणि तिरपं ऊन खोडांवर पडतं, ते बघण्यासाठी. डासांचं मलम विसरू नका.

बोलायला रशियन उपयोगी पडते. बांधकामासाठी सोव्हिएत संघाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं आली होती, घराघरात अजून तीच भाषा आहे. ‘झ्द्रास्तवुइत्ये’ म्हटलं की चेहरे सैल होतात. लोकांच्या खिडक्यांवर मात्र कॅमेरा रोखू नका. हे ओसाड पडलेलं गाव नाही, माणसं राहतात. शाकाहारी असाल तर बटाट्याची घावनं सांगा, पण ती मांसाशिवाय हवीत हे स्पष्ट करा.

प्रकल्प शहरापासून काही किलोमीटरवर, द्रुक्शियाय तळ्याच्या काठी आहे. आत जायला आगाऊ नोंदणी लागते, पासपोर्टचे तपशील द्यावे लागतात आणि वय अठरा पूर्ण हवं. मी चार दिवस आधी अर्ज केला आणि मला जाता आलं नाही. तुम्ही विमानाचं तिकीट काढाल त्याच आठवड्यात अर्ज करा. ते तळं बेलारूसच्या हद्दीत शिरतं, त्यामुळे तिकडे उगाच भटकू नका आणि ड्रोन घरीच ठेवा.

शेवटच्या संध्याकाळी मी बांधलेल्या पंखाच्या कडेपर्यंत गेले. शेवटच्या इमारतीत कोणीतरी कपडे वाळत घातले होते. त्यापुढे जंगल लागतं. एक आजोबा टोपलीत अळंबी घेऊन बाहेर येत होते. मी टोपलीकडे पाहिलं तेव्हा त्यांनी वरची पानं बाजूला करून मला सगळी अळंबी दाखवली.