तड्याला भोक

रविवारी जेवण अंगावर आल्यावर शहाण्या माणसाने लवंडावं. मी फियाटच्या मागच्या दिव्याची लाल काच मांडीवर घेऊन बसलो होतो. काच म्हणायची आपली सवय, आहे ते अ‍ॅक्रिलिक. खालच्या कोपऱ्यातून निघालेला तडा दोन बोटं वर चढला होता आणि त्याच्या टोकाला मी भोक पाडत होतो.

"फुटलंय तिथे आणखी भोक?" बायकोने विचारलं.

आता हे कसं समजवायचं? तडा टोकाला सुईसारखा असतो. सगळा ताण तिथेच एकवटतो, म्हणून प्रत्येक खड्ड्यागणिक तो कणभर पुढे सरकतो. टोकाला गोल भोक दिलं की ताण पांगतो आणि तडा बहुतेक तिथेच थांबतो. ड्रिलचं दोन मिलिमीटरचं बिट पुरतं, पण फिरवायचं सावकाश. घाई केली की अ‍ॅक्रिलिक वितळून बिटलाच चिकटतं. एवढं सांगून मी वर बघितलं, तर ती केव्हाच आत गेली होती.

नवी काच का नाही आणली? अहो, मिळायला हवी ना! 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट अकराशे डिलाइट निघायची. 1974 साली तिचं पद्मिनी असं नवं बारसं झालं, पण आमच्या घरात पद्मिनी कुणी म्हटलंच नाही. नवं शतक उजाडता उजाडता ती बनायचीच बंद झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोकांनी फोटो टाकून उसासे सोडले. मी मात्र मनात म्हटलं, चला, टॅक्सीवाले गेले, आता सुटे भाग तरी स्वस्त होतील. कसचं काय! जुन्या बाजारातला माणूस तेव्हापासून तीच काच 'अँटिक' म्हणून दाखवायला लागला.

तेव्हा घरीच. स्टिअरिंग गेल्या मे महिन्यात केलं. आतली लोखंडी कडी आहे तेवढीच राहते, वरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसतं आणि नेमकं दांडीजवळ चिरतं. तिथेही आधी चीर हॅक्सॉच्या पात्याने रुंद करावी लागते, मग अ‍ॅराल्डाइट भरायचं, रात्रभर ठेवायचं, पॉलिश पेपर मारायचा. डॅशबोर्डातल्या कप्प्याचं झाकण फेव्हिक्विक आणि खायच्या सोड्यावर भागलं. सोडा भुरभुरला की क्षणात दगड होतो. त्या जोरावर मी फेव्हिक्विक दिव्याच्या काचेलाही लावून बघितलं आणि तड्याभोवती पांढरं धुकं पसरलं. मोतीबिंदू झाल्यासारखी दिसायला लागली काच. मग नंबरप्लेटवाल्याने क्लोरोफॉर्म सुचवलं. खिडकी उघडी ठेवून एक थेंब कडेला टेकवायचा, तो आपसूक भेगेत ओढला जातो आणि दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. खूण राहतेच, पण पाणी आत जात नाही.

हीच काच लहानपणी मी एकदा फोडली होती. चेंडूने. बाबा काही बोलले नाहीत. माळ्यावरून आकाशकंदील काढला, त्याचा लाल जिलेटिनचा कागद कातरला आणि आतून चिकटवला. शिमग्यापर्यंत तो उडून गुलाबी झाला होता. गल्लीत आमची गाडी ब्रेक लावताना लाजते असं म्हणायचे.

आतून आईचा आवाज आला, "ते झालं की मोरीतली बादली बघ. महिना झाला गळतेय."

आणि मला तो बादल्या सांधणारा आठवला. पायरीवर बसायचा. पुढ्यात छोटी शेगडी, तिच्यात लाकडी मुठीच्या दोन चपट्या सळ्या. पिशवीतून कुठल्याशा जुन्या टबाचा तुकडा काढायचा, लालभडक सळी चिरेवरून फिरवत तो तुकडा त्यात पाजायचा. उग्र वास सुटायचा. आई पदर नाकाला लावायची आणि मी पुढे सरकायचो. वितळलेल्या सांध्यावरून तो ओला अंगठा फिरवायचा, चर्र आवाज यायचा, पण अंगठ्याला काही म्हणजे काही व्हायचं नाही. मग बादली काठोकाठ भरून पायरीवर ठेवायची. खाली फरशी कोरडी राहिली तरच पैसे. रंग जुळवायच्या भानगडीत तो पडायचा नाही. आमच्या निळ्या बादलीवर लाल व्रण होता, हिरवीवर पांढरा. पाहुण्यांना सांगताना आई "लाल टाक्याची घ्या" म्हणायची.

त्याला कुणी शिकवलं नसणार, पण त्याला पक्कं ठाऊक होतं की बादलीला गोंद-बिंद काही धरत नाही. माझं क्लोरोफॉर्मही तिच्यापुढे फुकट. तिला तिच्याच जातीचं प्लास्टिक वितळवून पाजावं लागतं.

माझ्याकडे सोल्डर गन आहे. होती. तासभर शोधली, सापडली नाही. संध्याकाळी जाऊन नवी बादली आणली, निळीच.

जुनी गॅलरीत ठेवलीय. बायको म्हणते टाकून दे. पण तुकडे लागतात.