भिंतीकडची बाजू

कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे कारमागे ओढायच्या राहत्या गाडीच्या, माहितीपत्रकातलं मला सगळ्यात आवडणारं पान म्हणजे शेवटचं. आधीच्या पानांवर तळी असतात, मावळता सूर्य असतो, कुणीही कधी डोकं न टेकलेल्या उशा असतात. नकाशे येतात ते अगदी शेवटी, छप्पर उचलून वरून डोकावल्यासारखे. चार छोटे गोल म्हणजे शेगडी, एक अंडाकृती म्हणजे टॉयलेट, आणि दोन उशा काढलेला आयत म्हणजे झोप. परवा दुपारी नवरा तोंडावर पेपर घेऊन झोपला आणि मी हे पान घेऊन बसले. बसले ती बसलेच. थोड्या वेळाने पेन्सिल आणून त्यात माणसं घालायला लागले. नकाशात माणसं नसतात, म्हणून तर तो एवढा सुटसुटीत दिसतो.

मी काढत होते रात्रीच्या वाटा. प्रत्येकाच्या उशीपासून टॉयलेटपर्यंत एक तुटक रेघ. पहिल्याच नकाशात माझी रेघ नवऱ्याच्या पोटावरून गेली.

तो फ्रेंच बेडचा नकाशा होता. कोपऱ्यात भिंतींना चिकटवलेला कायमचा डबल बेड, आणि शेजारून बाथरूमकडे जाता यावं म्हणून पायाकडचा एक कोपरा तिरका छाटलेला. छाटलेला कोपरा अर्थातच बाहेरच्या बाजूच्या माणसाच्या वाट्याचा. भिंतीकडच्याचे पाय शाबूत राहतात, पण तो रात्रभर अडकलेला. एकाचे पाय आणि दुसऱ्याची सुटका, एवढ्या भांडवलावर तिथे जागा वाचवलेली असते. मी बाहेरच्या बाजूला झोपायचं ठरवलं, तर नवरा भिंतीकडे जाणार, आणि त्याला पहाटे चारला टक्क जाग येते. जाग येऊन तो काही करत नाही. फक्त ‘तू झोप’ असं सांगायला मला उठवतो.

कॅरॅव्हॅन घेणाऱ्यांना लोक सल्ला देतात, ‘आधी गरजा लिहून काढा.’ आम्ही काढल्या. नवऱ्याने लिहिलं : मोठा फ्रिज, ओव्हन, पुढे मोठी खिडकी. मी लिहिलं : भिंतीकडे झोपणार नाही. मुलाने लिहिलं : मी येणार नाहीये. तिघांच्या मिळून गरजा एवढ्याच. यावरून कोण काय आराखडा काढणार?

मुळात जागा असते किती? बाहेरून सव्वादोन ते अडीच मीटर रुंदी. भिंतींची जाडी वजा केली की आत दोन मीटरांच्या थोडं वर. या पट्टीत स्वयंपाक, आंघोळ, जेवण, झोप आणि संसार. त्यामुळे इथे एकाची सोय वाढली की दुसऱ्याची नेमकी तेवढीच कमी होते. बाथरूम गाडीच्या पूर्ण रुंदीची मागच्या टोकाला घेतली, की कपडे बदलताना कोपर आपटत नाही, पण तेवढी लांबी बैठकीतून जाते. बैठक इंग्रजी यू अक्षरासारखी तिन्ही बाजूंनी घेतली, की गप्पांना बहार येते, पण कोपऱ्यात बसलेल्याला उठायचं झालं तर सगळ्यांनी उठायचं. स्वयंपाकाचा ओटा मधे घेतला तर चहा करणाऱ्याच्या पाठीला घासल्याशिवाय कुणालाच कुठे जाता येत नाही. चहा करणारी बहुधा मीच.

कायमचा पलंग की रोज मोडून रोज करायचा, हा तर या क्षेत्रातला सनातन वाद. माझं मत विचाराल तर कायमचा पलंग मला डोळ्यांसमोर नको वाटतो. गाडीची एक तृतीयांश जागा अडवून दिवसभर नुसता लोळत पडलेला. ज्याचा उपयोग डोळे मिटल्यावरच होतो, त्यासाठी उघड्या डोळ्यांच्या वेळेतली जागा का द्यायची? तर नवरा म्हणतो, रोज पलंग करून बघ आणि मग बोल.

केलाय मी. भाड्याच्या गाडीत केलाय. आधी टेबल काढायचं, त्याची जागा शोधायची. सीटच्या खालून लाकडी पट्ट्यांची जाळी ओढायची, ती निम्म्यात अडकते. मग पाठीच्या गाद्या मधे, बसायच्या गाद्या कडेला, आणि एक गादी उरते. ती कुठली ते दर रात्री वेगळं. सगळं जमलं तरी दोन गाद्यांमधली खाच बरोबर कमरेखाली येते. त्याचंही मला काही वाटलं नसतं. खरी गोची वेगळीच आहे. बैठकीचा पलंग झाला, की घराला झोपेची एकच वेळ उरते. नऊला पेंगणारा आणि बाराला पुस्तक मिटणारा यांच्यात तह झाल्याशिवाय गादी हलत नाही. एकतर एकाने बसल्या बसल्या डुलक्या घ्यायच्या, नाहीतर दुसऱ्याने पांघरुणात टॉर्च लावून वाचायचं.

यावर उपाय म्हणजे समोरासमोरचे दोन लांब सोफे. रात्री पाठ काढली की दोन सिंगल बेड. मधे वाट, भिंतीकडचा-बाहेरचा प्रश्नच नाही, जो तो आपापल्या वेळेचा मालक. मला ही मांडणी मनापासून पटते. फक्त सोफे खरंच माणसाएवढे लांब हवेत. इतर हौशी भागवण्यासाठी आखूड केलेले सोफे नकाशात ओळखू येत नाहीत, कारण नकाशातली उशी सगळीकडे सारखीच काढतात. म्हणून दुकानात गेल्यावर मी सरळ चपला काढून आडवी होते. नवऱ्यालाही समोर आडवा करते. विक्रेता अशा वेळी फार अदबीने बाहेर बघतो. मग मी डोळे मिटून उजवा हात लांबवते : चष्मा ठेवायला जागा आहे का? दिव्याचं बटण पडल्या पडल्या सापडतं का? नाही सापडलं तर बाकी गाडी सोन्याची असली तरी माझ्यासाठी ती बाद.

ही सवय जुनी आहे. आमच्या लहानपणी घरी नवा फ्रिज आला आणि त्याचं खोकं आम्हा भावंडांना मिळालं. आडवं केलं की आत दोघं मावायची, आम्ही चौघं. मांडणी अर्थात ताईने ठरवली. खडूने आत रेघा मारल्या : ही बैठक, हे स्वयंपाकघर, ही माझी खोली. तिची खोली सगळ्यात आत. दादाला स्वयंपाकघर, कारण त्याच्याकडे बिस्किटं होती. मला आणि धाकट्याला मिळून दार. ‘दार म्हणजे खोली नाही,’ असं मी म्हटलं. ताई म्हणाली, ‘दारात वारा लागतो, तू भाग्यवान आहेस.’ तिच्याकडे घर विकण्याची उपजत कला होती. मग ज्याला त्याला खिडकी हवी झाली. बाबांनी सुरीने एक कापून दिली, पुठ्ठ्याचा तुकडा तिन्ही बाजूंनी कापून झडपेसारखा उघडणारा. ती बघून दुसरी हवी, मग तिसरी, मग छतालाही एक. संध्याकाळपर्यंत खिडक्या पुष्कळ झाल्या आणि भिंत उरली नाही. दादा जरा टेकला आणि सगळं घर शांतपणे बसलं. आत सगळ्यात जास्त अडकली ती ताई. दारातली आम्ही दोघं उठून बिस्किटं खायला गेलो.

तर, पाहुणे. नकाशाखाली ‘चार जणांसाठी’, ‘सहा जणांसाठी’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा उशांचा असतो. त्या सहा जणांना एकाच वेळी जेवायला बसता येईल, असं कुणी म्हणालेलं नसतं. त्यांच्या कपड्यांना कपाट असेल, असंही नाही. आणि वजनाचं तर कुणी बोलतच नाही. बऱ्याच गाड्यांत सगळं सामान धरून भरायला दीडशे किलोच्या आसपास मुभा असते, मग झोपणारे सहा का असेनात. त्यात बॅटरी आली, बाहेर लावायचा तंबू आला, आणि पाणी घेऊन निघालात तर लिटरमागे एक किलो. तरीही लोक सहा जणांची गाडी घेतात. न जाणो, कुणी आलं तर! मुलगा ‘येणार नाहीये’ असं लेखी देऊन बसला, तरी नवऱ्याने त्याच्यासाठी बंक बेडच्या, म्हणजे एकावर एक अरुंद पलंगांच्या, नकाशावर खूण केली होती. मुलगा सहा फुटांच्या वर आहे. त्या बंकमध्ये तो घडी घालूनच ठेवावा लागेल.

वजनावरून आठवलं. मांडणी निवडताना गाडी उभी असते, पण तिला पळायचंही असतं, हे मला फार उशिरा कुणी सांगितलं. जड वस्तू चाकांच्या आसाजवळ आणि खाली हव्यात. एका टोकाला ओटा, फ्रिज, ओव्हन आणि दुसऱ्या टोकाला भरलेले लॉकर असले, की गाडी लांब काठीच्या दोन्ही टोकांना बादल्या अडकवून चालणाऱ्या माणसासारखी होते. एकदा झोका बसला की आवरत नाही. मागच्या बाजूला भार वाढला तर कारला जोडणारा पुढचा हुक हलका होतो आणि गाडी वेगात शेपटी हलवायला लागते. एकूण भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार हुकावर असावा असा ठोकताळा आहे, म्हणजे दीड टनाच्या गाडीला पाऊणशे ते एकशे पाच किलो, आणि तोही आपल्या कारला झेपेल तेवढाच. हे कळल्यापासून मागच्या टोकाला असलेलं प्रशस्त स्वयंपाकघर बघताना माझ्या पोटात जरा गोळा येतो. नवऱ्याचा ओव्हन मी याच शास्त्रीय कारणाने उडवला. खरं कारण, तो चालवणार कोण, हे होतं.

आपल्यापुरती मांडणी करून घेण्यात पहिला नंबर लावावा तो गॉर्डन स्टेबल्सचा. आरमारातून निवृत्त झालेला हा स्कॉटिश डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहायचा. त्याने १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका गाड्यांच्या कारखान्याकडून हौसेने भटकायला घोडागाडी बांधून घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘वाँडरर’. भरल्यावर वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. सोबत नोकर, गाडीवान, एक भलाथोरला न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. आत पुस्तकांचं कपाट. नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन रस्ता मोकळा करायचा. इतकी सरळ मांडणी पुन्हा कुणाला साधली नसेल : मालक आणि पुस्तकं आत, अडचण बाहेर, सायकलवर.

मला जास्त जवळचा वाटतो तो जर्मनीतला आरिस्ट डेथलेफ्स. घरचा व्यवसाय चाबूक आणि स्कीच्या काठ्यांचा, त्यापायी सतत फिरती. त्याची जोडीदार फ्रिडेल चित्रकार होती. तिला त्याच्याबरोबर राहता यावं आणि चित्रंही काढता यावीत, म्हणून त्याने १९३१ मध्ये कारमागे ओढायची राहती गाडी स्वतः बनवली. ओव्हन, बंक, पाहुणे यांतलं काहीही त्या गाडीचं कारण नव्हतं. एका माणसाला सोबत न्यायचं होतं आणि तिचं काम थांबू द्यायचं नव्हतं. गरजांची यादी असावी तर अशी. नवऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘तू चित्रं कुठे काढतेस?’

अजून एक चाचणी मी हल्ली करते. पलंग, टेबल सगळं मिटवून गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली, तर दारातून टॉयलेटपर्यंत काहीही न हलवता पोचता येतं का? आणि पायरी. तारुण्यात कुणी पायरी बघत नाही. मी आता आधी पायरी बघते, मग दाराशी हाताला आधार आहे का ते बघते, मग आत जाऊन पडद्यांचं कौतुक करते.

एवढं सगळं दोन सोफ्यांच्या बाजूने बोलून झाल्यावर, हल्ली मी आयलंड बेडच्या नकाशावर अडून बसले आहे. म्हणजे तोच, दिवसभर लोळणारा कायमचा पलंग, पण तीन बाजूंनी मोकळा. फक्त डोक्याकडची बाजू भिंतीला. नवऱ्याला वाटतं, अखेर त्याचं म्हणणं मला पटलं. विक्रेत्याला वाटतं, आम्ही ऐषारामाकडे वळलो.

आई शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळून होती. खोली लहान, म्हणून तिचा पलंग भिंतीला सरकवलेला. चादर बदलायची, तिला कुशीवर वळवायचं, तर एकीने पलंगावर गुडघे टेकून भिंतीच्या बाजूला जावं लागे. तिला ते अजिबात आवडायचं नाही. ‘तुमचा पाय लागेल गं मला,’ म्हणायची, आणि खरं तर तिला आमच्या पायांची नाही, आमच्या गुडघ्यांची काळजी असायची. एके दिवशी ताईने आणि मी पलंग ओढून खोलीच्या मध्यात आणला. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळायचा. आम्ही तो तिथेच ठेवला.

आयलंड बेडच्या दोन्ही अंगांना एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा असते. आम्ही दोघंही आता साठीकडे निघालो आहोत. नवऱ्याला मी हे कारण सांगितलेलं नाही. रात्री उठायला बरं पडेल, एवढंच म्हटलंय.