केशवराव दाते यांचा श्वास

जुन्या बोलपटांच्या ध्वनिपट्ट्या स्वच्छ करणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्यात ‘कुंकू’ने माझा जितका कस पाहिला, तितका दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने पाहिला नाही. १९३७ सालच्या या प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटात दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी, पार्श्वसंगीत वापरलेलेच नाही. पात्रांच्या अवतीभवती घडणारे आवाज तेवढे ऐकू येतात. एरवी फिल्मची खरखर वाद्यांआड लपून जाते. येथे तिला आडोसाच नाही.

फिल्मवर आवाज चित्राच्या कडेला, परंतु त्याच्या वीस चौकटी (फ्रेम) पुढे छापलेला असतो. त्यामुळे तुटून जोडलेला सांधा पडद्यावरून सरकल्यावर, पाऊण सेकंदाहून किंचित उशिरा, त्याचा ठोका ऐकू येतो. असे ठोके मी एकेक करून हातानेच काढतो. एके दिवशी मुदत जवळ आल्यामुळे सहकाऱ्याने आख्खे रीळ सॉफ्टवेअरमधून एकदम फिरवले आणि केशवराव दाते यांनी रंगवलेल्या काकासाहेबांच्या घरातले घड्याळ मुके झाले. क्षणभराचा तीव्र आवाज म्हणजे दोष, एवढेच सॉफ्टवेअरला कळते. घड्याळाची टिकटिक आणि फिल्मवरचा धुळीचा कण त्याच्या लेखी एकच.

टिकटिक परत आणणे सोपे होते. खरखर कमी करण्याच्या फेरीत जे गेले ते अधिक मोलाचे होते: काकासाहेबांच्या तरुण पत्नीशी, नीरेशी, बोलण्यापूर्वी केशवराव दाते घेतात तो श्वास आणि वाक्याच्या शेवटी विरत जाणारा त्यांचा ‘स’. त्या काळच्या ध्वनिपट्टीवर असे बारीक, उच्च कंपनांचे आवाज मुळातच क्षीण उमटत आणि जे उरतात ते नेमके खरखरीतच मिसळलेले असतात.

केशवराव महाराष्ट्र नाटक मंडळीच्या रंगभूमीवर घडलेले नट. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा आवाज कमावलेल्या माणसाने मायक्रोफोनसमोर तो इतका खाली आणावा, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. १९३४ च्या मराठी ‘अमृतमंथन’मधला राजगुरू त्यांनीच उभा केला होता. तरुण मुलीशी लग्न करणाऱ्या काकासाहेबांसारख्या विधुर वकिलालाही तसाच खलपुरुष करून टाकणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी त्याऐवजी अपराधी होत जाणारा एक माणूस उभा केला आणि त्याचा अपराधीपणा शब्दांपेक्षा शब्दांमधल्या जागांत ठेवला. पुढे १९४१ च्या ‘शेजारी’त आणि त्यानंतर शांतारामबापूंच्या राजकमल या संस्थेच्या चित्रपटांतही ते दिसत राहिले, पण नायकांच्या छायाचित्रांनी भरलेल्या आपल्या चित्रपट-इतिहासात अशा चरित्रनटांच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, हे मला अन्यायाचे वाटते.

काम देणाऱ्यांना संवादांमधली शांतता निखळ हवी होती. मी थोडी खरखर राखून, लेखी कारणासह प्रत दिली. त्यांनी अधिक स्वच्छ प्रत मागितली. आजच्या प्रेक्षकाला खरखर सहन होत नाही, असे ही मंडळी त्याला न विचारताच ठरवून टाकतात. दुसरी प्रतही मी दिली, मात्र तिच्यात केशवरावांचे श्वास मूळ पट्टीवरून एकेक उचलून पुन्हा बसवले. त्यांपैकी काही ठिकाणी ऐकू येतो तो त्यांचा श्वास आहे की फिल्मची झीज, हे मला अजूनही निश्चित सांगता येत नाही.